एक तार जोडली म्हणजे झाले?

आपल्या जोयडा तालुक्यातले कॅसल रॉक स्टेशन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे कौतुक वेगळे सांगायला नको. तिथून गोव्याकडे गाडी निघाली की सदतीस फुटांना एक फूट असा उतार लागतो. शेकडो टनांचे वजन अशा उतारावरून खाली न्यायचे तर ब्रेक भरवशाचे हवेत, हे कोणीही सांगेल. परंतु त्या ब्रेकची रचना कशी असे, इकडे फार थोड्यांचे लक्ष गेले असेल. आपल्या रेल्वेवर कित्येक दशके व्हॅक्यूम ब्रेक होते. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी असे आणि इंजिन त्या नळीतली हवा सतत ओढून घेत असे. नळीत पोकळी टिकून राहिली तरच ब्रेक चाकांपासून दूर राहत. वाटेत नळी फुटली, डबा सुटला किंवा एखाद्या प्रवाशाने धोक्याची साखळी ओढली, की बाहेरची हवा नळीत शिरे आणि ब्रेक लागत.

यातली खुबी अशी की, शक्ती खर्चायची ती ब्रेक लावण्यासाठी नव्हे, ब्रेक सोडून ठेवण्यासाठी. काही बिघडलेच तर गाडी सुसाट सुटणार नाही, थांबेल. पुढे एअर ब्रेक आले, पोकळीऐवजी दाब आला, पण तत्त्व तेच राहिले. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूला झाला पाहिजे, हे ते तत्त्व. आजच्या लेखाचा विषय निराळा असला तरी त्याचे मूळ या नळीत आहे.

विषय आहे विषारी आणि ज्वालाग्राही वायू ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपांचा आणि त्यांच्यावर पहारा करणाऱ्या सेन्सरांचा व इंटरलॉकचा. सेन्सर म्हणजे यंत्राचे डोळे आणि कान. आत दाब किती, उष्णता किती, कोणता वायू किती आहे, हे तो कळवतो. इंटरलॉक म्हणजे यंत्रातच बांधून टाकलेली अट: अमुक झाल्याशिवाय तमुक होऊ द्यायचे नाही. लिफ्टचे दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, हा सर्वांच्या परिचयाचा इंटरलॉक. हा विषय इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा, कला-वाणिज्यवाल्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तसे नाही, आणि ते का नाही हेच मला सांगायचे आहे.

प्रथम हे पंप असतात कुठे ते पाहू. कुळगीहून दांडेलीला उतरले की कागदाचे गाव लागते. वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी १९५५ साली स्थापन झाली आणि काळी नदीच्या काठी तिने आपली गिरणी उभारली. लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांत शिजवून लगदा करण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिच्यात लगदा काढून घेतल्यावर काळा द्रव उरतो. त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. तो आटवताना वाफ कमी लागावी म्हणून भांड्यांत पोकळी निर्माण करतात, कारण दाब कमी झाला की द्रव कमी उष्णतेला उकळतो. ही पोकळी राखणारा पंप केवळ हवा ओढत नाही. हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे वायू त्याच्या पोटातून जातात. ते विषारीही आहेत आणि पेट घेणारेही. म्हणून ते गोळा करून भट्टीत जाळावे लागतात. मी कुठल्या एका गिरणीचे गाऱ्हाणे मांडत नाही. प्रक्रियाच तशी आहे. औषधांचे कारखाने, रंगांचे कारखाने, इलेक्ट्रॉनिक चकत्या बनवणारे कारखाने, सगळीकडे असे पंप आहेत. इतके कशाला, शौचकूप उपसणारी सक्शन गाडी आपल्या गल्लीत येते, तिच्यावरही व्हॅक्यूम पंपच असतो आणि मैल्यातला तोच हायड्रोजन सल्फाइड त्याच्यातून बाहेर पडतो. त्या गाडीच्या टाकीत एक पोकळ चेंडू असतो. टाकी भरत आली की चेंडू तरंगत वर येतो आणि पंपाकडे जाणारी वाट बंद करतो. वीज नाही, तारा नाहीत, तरी तो अस्सल इंटरलॉक आहे.

आता या पंपांत विशेष धोका कोणता? दाबाखालच्या भांड्याला चीर पडली तर आतला वायू बाहेर येतो. फुसफुस ऐकू येते, वास येतो, माणूस सावध होतो. पोकळीचे उलटे आहे. आतला दाब बाहेरपेक्षा कमी, त्यामुळे गळती होते ती आत. बाहेरची हवा, म्हणजे पर्यायाने प्राणवायू, गुपचूप ज्वालाग्राही वायूत मिसळत जातो. आवाज बहुधा नाही, वास तर नाहीच. त्यातून पंपाचे कामच असे की विरळ वायू एका बाजूने घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंत दाबून सोडायचा. एक मिलिबारवर काम करणारा पंप वायू सुमारे हजार पटीने दाबतो. जे मिश्रण पोकळीत इतके विरळ होते की पेट घेणे कठीण, तेच पंपाच्या तोंडाशी दाट आणि गरम होऊन येते. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेटू शकतो. ठिणगीला मग एखादे घासले गेलेले बेअरिंग पुरते.

“आमच्या अनुभवी माणसांना नुसत्या वासावरून कळते,” असे काही जण अभिमानाने सांगतात. त्यांना एकच गोष्ट सांगावीशी वाटते. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो हे खरे. परंतु हवेतले त्याचे प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस पुढे पाऊल टाकतो आणि तेच शेवटचे ठरते. जिथे नाक फसते तिथे सेन्सर लागतो.

चांगल्या पंपावर म्हणून पहाऱ्यांची एक ओळच असते. आधी नायट्रोजन वाहू लागला पाहिजे, कारण तो ज्वालाग्राही वायूला पातळ करतो आणि प्राणवायूला दूर ठेवतो. थंड पाणी फिरू लागले पाहिजे. बाहेर पडणारा वायू धुणारे किंवा जाळणारे यंत्र चालू असले पाहिजे. हे सारे झाल्याची खबर सेन्सरांनी दिली तरच मोटर सुरू होते, आणि मोटर स्थिर झाल्यावरच वायूच्या बाजूची झडप उघडते. पुढे नायट्रोजन कमी पडला, पंप तापला, बाहेरची वाट तुंबून दाब वाढला, तर झडप बंद होते. ही झडप उघडी ठेवायला हवेचा दाब लागतो आणि बंद करायला नुसती स्प्रिंग. वीज गेली, हवेची नळी तुटली, तरी ती बंदच होणार. व्हॅक्यूम ब्रेकच तो! मात्र पंप थांबवला की सुरक्षित झालो, असेही नाही. पंप थांबताच वायू उलटा भांड्यात शिरू शकतो; म्हणून उलट वाहू न देणारी झडप लागते, आणि आतला वायू निघून जाईपर्यंत नायट्रोजन चालूच ठेवावा लागतो. कोणत्या वेळी काय बंद करायचे आणि काय चालू ठेवायचे, हा विचार शांत डोक्याने, दिवसाउजेडी, कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसांनी केलेला असतो. रात्री तीन वाजता डोळ्यांवर झापड आलेल्या माणसाला तो विचार करावा लागू नये, यासाठीच इंटरलॉक.

मग घोडे पेंड खाते कुठे? गेल्या चवथीला आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. कुळगीचाच मुलगा. बी. एस्सी. होऊन दूरच्या एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत कामाला लागला आहे. कामाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तो मोठ्या उत्साहाने सांगू लागला.

“सर, आमच्याकडं एक पंप आहे. रात्री दोन-तीनदा ट्रिप व्हायचा. मग सुपरवायझर साहेबांनी पॅनेलात एक तार जोडून दिली. आता महिना झाला, एकदाही थांबला नाही.”

“ट्रिप कशावर व्हायचा?”

“नायट्रोजनचा फ्लो कमी दाखवायचा.”

“खरंच कमी होता का?”

“ते कोणी बघितलं नाही, सर. सेन्सरच खराब आहे म्हणाले.”

“आणि ही तार जोडल्याचं कुठं लिहून ठेवलंय का?”

तो हसला. “ते कशाला लिहितील सर? साहेबांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.”

“आणि तू रजेवर आलास. आज रात्री त्या पंपावर कोण आहे?”

त्यावर तो गप्प झाला. नवा मुलगा होता म्हणे, आठवड्यापूर्वी लागलेला.

हा संवाद माझ्या मनातून जात नाही. वाईट कोणीच नाही त्यात. सुपरवायझरवर उत्पादनाचे ओझे आहे, पंप थांबला तर अख्खी घाण वाया जाते आणि सकाळी जाब त्याला द्यावा लागतो. मुलगा बिचारा सांगितले ते करणारा. आणि खरे सांगायचे तर सेन्सर खराब असतातही. ज्वालाग्राही वायू ओळखणारा साध्या जातीचा सेन्सर आपल्या तापलेल्या मण्यावर तो वायू जाळून त्याचे प्रमाण ठरवतो. सिलिकॉनच्या वाफांनी तो मणी निकामी होतो, आणि जिथे प्राणवायूच नाही तिथे जाळायचे कसे? नायट्रोजनने भरलेल्या नळीत असा सेन्सर बसवला तर वायू असूनही तो ‘सर्व ठीक’ म्हणणार. विषारी वायूंसाठी जे रासायनिक घट वापरतात ते दोन-तीन वर्षांत थकतात. तेव्हा ‘सेन्सर खोटे बोलतो’ ही तक्रार नेहमीच खोटी नसते. विनाकारण दहा वेळा थांबवणारा इंटरलॉक हा लांडगा आला रे म्हणून ओरडणाऱ्या पोरासारखा. अकराव्या वेळी त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

पण यावरचा उपाय तार जोडणे हा नव्हे. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे झाले. सेन्सर खराब तर सेन्सर बदला. एकावर भरवसा नाही तर तीन बसवा आणि तिघांपैकी दोघांचे मत जुळले तरच यंत्र थांबेल अशी योजना करा. जगातले मोठे कारखाने हेच करतात. एकाच्या चुकीने उत्पादनही थांबत नाही आणि एकाच्या मौनाने अपघातही होत नाही. शिवाय कमी फ्लो हा सेन्सरचा दोष आहे की नायट्रोजनच्या सिलिंडरचा, की तुंबलेल्या नळीचा, हे पाहायला अर्धा तास लागला असता. तार जोडायला दोन मिनिटे लागली. त्या अठ्ठावीस मिनिटांची बचत एका नवशिक्या मुलाच्या जिवावर उधार घेतलेली आहे.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर भोपाळ आठवा. १९८४ च्या डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांमधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि हजारो माणसे मेली, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कारखान्यात सुरक्षिततेची साधने नव्हती असे नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती. ती कित्येक महिने बंद होती. वायू धुऊन काढणारा मनोरा होता. तो कामाला लावलेला नव्हता. वायू जाळणारा मनोरा होता. त्याच्या नळीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. गळतीची पहिली खबर कामगारांना मिळाली ती कोणत्या यंत्राकडून नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांच्या जळजळीतून. एकेक साधन बंद करताना प्रत्येक वेळी काही ना काही कारण असणारच, आणि ते कारण त्या दिवशी शहाणपणाचेही वाटले असेल. सगळी कारणे एका रात्री एकत्र आली.

बरे, ही गोष्ट जुनी म्हणावी तर ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला स्टायरीनची टाकी तापली आणि पहाटे झोपेतल्या वस्तीवर वायू पसरून बारा माणसे गेली. चौकशीत काय निघाले? टाकीची उष्णता फक्त तळाशी मोजली जात होती. वरच्या थरांत काय चालले आहे हे पाहणारा सेन्सरच नव्हता. सेन्सर होता, खरा होता, पण भलत्या जागी होता. आणि धोक्याचा भोंगा वाजवलाच गेला नाही. परदेशी लोक फार शिस्तीचे म्हणावे तर ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडातल्या बन्सफील्डच्या तेलसाठ्यात पेट्रोलच्या टाकीचा पातळीमापक अडकून पडला. अशा वेळी पुरवठा तोडण्यासाठी स्वतंत्र स्विच बसवलेला होता. त्या स्विचची तपासणीची कडी जागेवर राहावी म्हणून एक छोटे कुलूप लावायचे असते. ते कशासाठी हे तिथल्या लोकांना कोणी सांगितलेच नव्हते. कुलूप लावलेले नव्हते आणि स्विच निकामी होता. टाकी ओतू लागली, वाफ पसरली आणि पहाटे स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. रविवार होता म्हणून कोणी दगावले नाही. एका कुलपाची ही कथा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, इंटरलॉक कधीच बाजूला ठेवू नये असे नाही. दुरुस्तीसाठी तो काही वेळ बंद करावा लागतोच. पण तो बंद करणे हा निर्णय आहे आणि निर्णयाला धनी पाहिजे. कोणता इंटरलॉक, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि तोवर त्याच्या जागी पहारा कोण करणार, हे वहीत लिहिले पाहिजे. पाळी बदलताना ती वही मोठ्याने वाचली पाहिजे. ज्याला सही करायला संकोच वाटतो त्याने तार जोडू नये. माझा अनुभव असा की, सही मागितली की निम्म्या तारा आपोआप सुटतात!

दुसरे, पंप चालवणारा सेन्सर आणि पंप वाचवणारा सेन्सर एकच असू नये. हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा एकच असला तर काय होते हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको. तिसरे, प्रत्येक सेन्सर ठरावीक दिवसांनी खरा वायू देऊन तपासावा आणि तपासल्याची तारीख त्याच्यावरच टांगावी. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, त्याचा सेन्सर वर. हायड्रोजन सल्फाइड आणि क्लोरीन हवेपेक्षा जड, त्यांचे खाली. एवढी साधी गोष्टही अनेक ठिकाणी पाळलेली नसते. चौथे, शंका आली म्हणून ज्याने पंप थांबवला त्याला शिक्षा होऊ नये, मग ती शंका शेवटी खोटी का ठरेना. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यात कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा आणि जिवावरचे संकट दिसल्यास ते वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क मान्य झाला. कागदावरचा हक्क वापरायचा तर तो आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

आणि इथे आपल्या महाविद्यालयाचा संबंध येतो. आपल्या भागातली मुले शिकून कुठे जातात? कोणी गोव्याला, कोणी पुण्याला, कोणी मुंबईच्या बाजूला. बरीचशी कुठल्यातरी कारखान्याच्या रात्रपाळीत उभी असतात. आपण त्यांना बॉइलचा नियम शिकवतो, पण तो नियम पंपाच्या तोंडाशी कसा जिवावर उठतो हे सांगत नाही. वास्तविक साधन आपल्या हाताशी आहे. जुन्या प्रयोगशाळांतून हायड्रोजन सल्फाइडसाठी किपचे उपकरण असे. तोटी बंद केली की आत साठणारा वायूच आम्लाला खाली ढकलतो, आम्ल आयर्न सल्फाइडपासून दूर होते आणि वायू तयार होणे आपोआप थांबते. हा इंटरलॉक एकोणिसाव्या शतकात काचेत घडवला गेला. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी तो हाताळला, त्याची आकृती काढून गुण मिळवले, पण हे उपकरण आपल्याला काय शिकवते आहे हे त्यांना आम्ही शिक्षकांनीच सांगितले नाही. तो दोष आमचा. प्रात्यक्षिकाच्या एका तासात एवढे सांगता येईल. भाषेच्या तासाला मुलांकडून एक अर्ज लिहून घेता येईल: ‘अमुक यंत्राचा इंटरलॉक काढलेला आहे, तो मला लेखी कळवावा.’ मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा. पण लिहिता आले पाहिजे.

चवथ संपवून तो मुलगा परत निघाला तेव्हा मी त्याला एवढेच म्हटले, “गेल्या गेल्या ती तार काढायला जाऊ नकोस, तुला एकट्याला ते करता यायचं नाही. पण साहेबांना विचार, ही तार कधी काढणार? आणि ते जी तारीख सांगतील ती रजिस्टरात लिही, त्यांच्यासमोर.” तो ‘बरं सर’ म्हणाला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. साहेब प्रथम चिडले, मग म्हणाले, सेन्सर मागवतो. नवा सेन्सर बसवला तेव्हा तोही फ्लो कमीच दाखवू लागला. मग नळी उघडून पाहिली. ती अर्धी तुंबलेली होती.

विद्यार्थी मित्रहो, जुना सेन्सर महिनाभर खरेच बोलत होता. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा एखाद्या पंपापुढे उभा राहील आणि कोणीतरी सहज म्हणेल, “एक तार जोडून दे रे.” तेव्हा भांडू नका, घाबरूही नका. फक्त विचारा, “कुठं लिहू, साहेब?”